दारातली कोल्ह्याची तंबाखू

आमच्या अंगणात भिंतीच्या कडेला एक वाळलेलं झाड आहे. सून रोज सकाळी झाडून काढते, त्या झाडाभोवती खराटा फिरवते आणि माझ्याकडं बघते. मी दुसरीकडं बघतो. उपटा म्हणायचं धाडस तिला होत नाही, आणि माझ्या हातानं ते उपटलं जात नाही.

झाड आपल्या मुलखातलं नव्हतं. बद्रीकेदारच्या वाटेवर ते आम्हाला भेटलं. गावातल्या माणसांनी मिळून बस केली होती, आचारी आणि भांडीकुंडी सोबत घेऊन. मला जायचं नव्हतं. देव काय फक्त डोंगरावरच बसलाय का, असं मी आयुष्यभर म्हणत आलो. पण बायकोची नजर त्या आधीपासूनच बारीक होत चालली होती. ताटातली भाकर तिला दिसायची, ताटाच्या बाजूला ठेवलेला तांब्या दिसायचा नाही. हात लागून तांब्या लवंडायचा आणि ती म्हणायची, "ह्यो इथं कुणी ठिवला?" तांब्या रोज तिथंच असायचा. बांगडीतून बघावं तेवढंच तिला दिसत होतं. ती म्हणली, "दिसतंय तवर येकदा बर्फ बघून येते." मग मला नाही म्हणता आलं नाही.

बसमध्ये सगळे ओरडायचे, "बघा बघा, धबधबा बघा!" ही मान वळवायची, तोवर धबधबा मागं गेलेला. "हाव, दिसला की," ती सगळ्यांना म्हणायची. तिला काही दिसलं नाही हे मला कळायचं.

एका ठिकाणी दरड कोसळून रस्ता बंद झाला. बस थांबली. आम्ही कडेच्या चहाच्या टपरीवर बसलो होतो. सगळे दरडीला शिव्या देत होते. तेवढ्यात हिनं माझं मनगट गच्च धरलं.

"अवं, ते पिवळं काय हाय?"

समोरच्या फुटक्या दगडांच्या उतारावर माणसाएवढ्या उंच काठ्या उभ्या होत्या. फांदी नाही, फाटा नाही. एकच सरळ काठी, आणि तिला वरच्या अर्ध्या अंगाला पिवळी फुलं दाटून लागलेली. बाजरीच्या कणसाला हळद फासून उभं करावं तसं. खाली जमिनीलगत मोठाली पांढुरकी पानं.

"हे मला दिसलं बघा," ती म्हणली. "कुणी न दाखवता दिसलं."

किती वेळ ती तिकडंच बघत होती. चहा निवून गेला. मग म्हणली, "असलं दारात पायजे. घर सापडंल."

आमचं किल्लारी म्हणजे भूकंपानंतर नव्यानं बांधलेलं गाव. ओळीनं घरं, सगळी एकाच साच्यातली. धडधाकट माणूस सुद्धा पहिल्या वर्षी दुसऱ्याच्या घरात शिरायचा. तेव्हा ती जे बोलली ते थट्टेत बोलली, पण सगळं थट्टेत नव्हतं.

मी चहावाल्याला विचारलं. तो हसला. "बाबा, गीदड तंबाकू है. इसे तो बकरी भी नहीं खाती." कोल्ह्याची तंबाखू. त्यानंच सांगितलं, पहिल्या साली नुसती पानं येतात, दुसऱ्या साली काठी निघून फुलते, आणि फुललं की झाड संपलं. त्याच उतारावर मागल्या सालच्या मेलेल्या काठ्या उभ्या होत्या. मी वर चढून गेलो आणि एकीची बोंडं उपरण्यात चोळली. बी निघालं खसखशीपेक्षा बारीक. उपरण्याच्या टोकाला गाठ मारली.

"लोकं गंगेचं पाणी नेऊन राहिले, अन् तुमी गवताचं बी," बायको म्हणली. पण परतीच्या वाटेवर मधूनच तिचा हात त्या गाठीकडं यायचा. गाठ आहे का बघायची आणि हात काढून घ्यायची.

आल्यावर तिला नांदेडला नेलं. लेक तिथं दिलेली आहे. डोळ्याची डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची, पण बोलायला चांगली. तिनं कसल्या कसल्या यंत्रात हनुवटी ठेवायला लावली. मग मला आत बोलावून म्हणली, "बाबा, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही. जी राहिली ती राखायची. थेंब चुकवायचे नाहीत."

"किती दिवस ऱ्हाईल?" मी विचारलं.

"तसं सांगता येत नाही."

"दोन साल?"

तिनं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "दोनच का बाबा?"

आता तिला काय सांगू? एका फुलापायी विचारतोय असं सांगायची माझी छाती झाली नाही. मी उपरणं झटकलं आणि उठलो.

ऑटोत बायको म्हणली, "दोन साल कामून इचारलं?"

"उगंच."

"त्या तंबाखूपायी इचारलं. मला ऐकू येतंय अजून."

पहिलं बी मी पावसाळ्यात टाकलं. माझी शेती काळ्या मातीतली. जे लावायचं ते काळ्या मातीत, शेणखत घालून, पाणी तोडायचं नाही, एवढंच मला येतं. शेतातून चांगली लोण्यासारखी माती आणली, भिंतीच्या कडेला वाफा केला. रोपं उगवली, बोटभर झाली आणि बुडातून काळी पडून झोपली. एकही वाचलं नाही. सून म्हणली, "मामा, पाहुण्याला लई जेवू घातलं की पोट बिघडतं."

मला राग आला, पण बोलणं खोटं नव्हतं. मी तो डोंगर आठवला. तिथं कुठं होती काळी माती? नुसता फुटका दगड आणि भुसभुशीत चुना. आमच्याकडं तसली जागा एकच आहे. जुनं गाव.

जुन्या गावात आता कुणी राहत नाही. बाभळी, बोरी आणि रुई माजली आहे. आमच्या घराच्या भिंती दगडमातीच्या, चांगल्या दोन हात रुंद होत्या. उन्हाळ्यात आत गारवा असायचा, त्याचा आम्हाला गर्व होता. त्याच भिंतीखाली माझी आई गेली, धाकटा भाऊ गेला. भूकंपाच्या त्या पहाटे माझ्या बायकोनं हातांनी माती उकरली. नखं गेली तिची. पुढं कितीतरी महिने ती कणीक मळायची नाही, बोटं ओल्या पिठात घालवत नाहीत म्हणायची.

त्या ढिगाऱ्यातून मी पोतंभर माती आणि दगडाच्या कपच्या आणल्या. पोतं अंगणात उतरवलं तर वासावरूनच तिला संशय आला.

"कुठली माती हाय ही?"

मी सांगितलं.

"त्या मातीनं काय कमी खाल्लं का आपलं? दारात कामून आणली?"

"झाडाला लागती."

"मरू द्या झाड."

"तुझ्यासाठीच लावून राहिलो."

"माझ्यासाठी काय करायचं ते मला इचारून करत जा कधीतरी." मग जरा वेळानं म्हणली, "मी त्या मातीला हात लावणार न्हाई. सांगून ठिवते."

शेजारच्या म्हातारीनंही सुनावलं, मेलेल्या गावाच्या पांढरीची माती कुणी घरी आणतं का, म्हणून. मी ऐकलं नाही. कुणाचं ऐकून मी आजवर काही केलेलं नाही. भिंतीच्या मध्याला त्या मातीचा बुटका ढीग रचला आणि दसरा झाल्यावर वरून बी भुरभुरलं.

उगवलं. बरीच रोपं आली, त्यातलं एक मी ठेवलं. हिवाळ्यात त्याची पानं हातभर झाली. जाड, मऊ, वासराच्या कानासारखी लवदार. येणारा जाणारा उभा राहून विचारायचा. एक जण म्हणला, "आबा, ह्या वयात तंबाखू पिकवायला लागले का?" दुसरा म्हणला, "रुई हाय ती. लोकं रुई उपटून टाकतात, आबांनी ढिगावर बसवली." मी म्हणायचो, "पुढच्या उन्हाळ्यात ये. मान वर करून बघावं लागंल." उन्हाळ्यात मी त्याला कडब्याच्या पेंढीची सावली केली. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही आमच्याकडं, पण या झाडाला पाणी लागतच नव्हतं, कपभर पुरायचं. मला ते झाड आवडायला लागलं होतं. हट्टी होतं.

बायको त्या ढिगाजवळ फिरकली नाही. दारात बसून विचारायची मात्र. "केवढं झालं?"

"ये, हात लावून बघ."

"हात लावणार न्हाई म्हणले ना. फुललं की लांबून बघीन. तिथं डोंगरावर काय मी हात लावला होता?"

आता रुईचं सांगतो. लग्न होऊन आली तेव्हापासून दर शनिवारी ही मारुतीला रुईच्या पानांची माळ घालते. नव्या गावातही आमच्या भिंतीच्या टोकाला रुईचं झुडूप आपोआप आलं होतं. भिंतीला हात लावत लावत, ढीग दिसायचा तोवर त्याला वळसा घालून, ती तिथवर जायची, पानं तोडायची, दोऱ्यात ओवायची. रुईचा पांढरा चीक तिच्या बोटांना लागायचा आणि त्याच बोटांनी ती डोळे पुसायची. हा चीक डोळ्याला वैरी, हे आमच्याकडं लेकरांना सुद्धा ठाऊक आहे. मी सांगून थकलो. "मारुती बघून घेईल," एवढंच उत्तर. एक दिवस मी कुऱ्हाड घेतली आणि झुडूप बुडातून तोडलं.

ती माझ्याशी बोलेनाशी झाली. सुनेच्या तोंडून निरोप चालायचे. "त्यांना सांग जेवायला बसा." "त्यांना सांग, देवाचं तोडलं त्याला देव इचारंल." पोरगा म्हणला, मी आणत जाईन पानं. दोन शनिवार आणली, मग विसरला. ती कुणाला मागून घेणारी बाई नाही. त्या बाबतीत माझीच जोड आहे.

डॉक्टरणीनं दिलेले थेंब मी सकाळ संध्याकाळ स्वतः घालत होतो. माझा हात थरथरतो, पण दुसऱ्या कुणाच्या हातावर मी सोडलं नाही. तरी नजर जातच होती. आधी सुईत दोरा जायचा बंद झाला. मग नातू आवाजावरून ओळखावा लागला. मग एका सकाळी तिनं विचारलं, "आज आभाळ आलंय का?" आणि बाहेर रखरखीत ऊन पडलेलं होतं.

दुसरा हिवाळा लागला. झाड आता बैलगाडीच्या चाकाएवढं पसरलं होतं, पण मधून काठी निघायचं लक्षण नव्हतं. पोरानं मोबाईलवर बघून सांगितलं, "आबा, ह्याला कडाक्याची थंडी लागती. त्याशिवाय फूल येत न्हाई." आमच्याकडं कुठली कडाक्याची थंडी? पहाटे एक घोंगडी पुरते. मग मी फ्रीजमधला बर्फ काढून रोज झाडाच्या बुडाशी रचायला लागलो. सून दारात उभी राहून म्हणली, "मामा, झाडाला शरबत करून राहिले का? लिंबू देऊ?" कितीतरी दिवसांनी पहिल्यांदाच बायको खुदकन हसली. मला म्हणली, "बर्फ बघायला मला कुठं कुठं नेलं, अन् तुमी दारात आणला." ती माझ्याशी बोलली म्हणून मी दुसऱ्या दिवशी जास्त बर्फ घातला.

आणि खरंच, माघात झाडाच्या मधोमध बारकी पानं दाटायला लागली. कोबीच्या गड्ड्यासारखी, वरच्या दिशेनं. कोंब वर सरकत होता. मी कुणाला बोललो नाही. बोललं की दृष्ट लागते. पण बायकोला सांगितलं, "येतंय." ती म्हणली, "अजून उजेड-अंधार कळतोय मला. पिवळं पिवळं तरी कळंल."

त्या आठवड्यात तिचे थेंब संपले. इकडं ते मिळेनात, म्हणून मी शनिवारी सकाळी नांदेडला गेलो. लेकीकडं जेवलो आणि शेवटच्या बसनं नाही, त्याच्या आधीच्या बसनं परत आलो. दिवस मावळायचा होता. फाटक उघडलं तर ही दारात बसलेली, तोंडावर असं हसू की मी थबकलो.

"फुटली हो!" ती म्हणली. "रुई फुटली परत. तुमी तोडली पण मारुतीनं फोडली. भिंतीला हात लावत गेले अन् पानं हाताला लागली. कवळी कवळी, लुसलुशीत. लई दिसांनी आपल्या दारची माळ घातली बघा."

मी ढिगाकडं बघितलं. बाहेरची मोठी पानं तशीच होती. मधला कोंब, सगळा, नखानं खुडलेला.

ज्या झाडाला तिनं कधी हात लावला नाही, त्याचं पान कसं असतं हे तिला माहीत असायचं कारणच नव्हतं. अंगावर लव असलेलं जाड पान, भिंतीच्या कडेला. आपल्याकडं ते एकाच झाडाचं असतं, रुईचं.

"चीक लागला का हाताला?" मी विचारलं.

"न्हाई, न्हाई लागला. थंडीनं आटला असंल. पण हाताला जरा खाज सुटली." तिनं हात पुढं केले. मनगटापर्यंत लाल झाले होते. त्या झाडाची लव टोचते, मला ठाऊक होतं.

मी तसाच मारुतीकडं गेलो. शेंदराच्या अंगावर ती माळ होती. पांढुरकी, ओली, बारकी बारकी पानं, प्रत्येक पान देठाशी देठ लावून नीट ओवलेलं. तिला दिसत नाही तरी ओवणं किती एकसारखं होतं. मी तिथं उभा राहिलो. काढून आणायचं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण देवाच्या गळ्यातून काढलेलं पान मुळाला थोडंच चिकटणार होतं?

घरी आलो. सुनेनं तोवर बघितलं होतं. तिनं मला खूण केली, सांगू नका. पोरगा म्हणला, "ऱ्हाऊ द्या आबा, आईला कळायची काय गरज हाय?" पण पुढच्या शनिवारी ती परत तिथंच जाणार, परत तोडणार, आणि मी काय रोज नाटक करू? मला ते जमत नाही. मी तिच्यासमोर बसलो आणि सांगितलं, ती रुई नव्हती.

ती हात मांडीवर घेऊन एका हातानं दुसऱ्याची बोटं चोळत बसली. त्या पहाटेनंतर बसायची तशी. मग विचारलं, "मधलंच तोडलं का मी?"

"हाव."

"कवळं लागलं हाताला. म्हणून तेच घेतलं."

मी आशा सोडली नाही. माझ्या स्वभावात ते नाही. खुडलेल्या जागी शेणाचा लेप लावला, बर्फ घातला. बाजूनं दोन चार बारके पांढुरके कान फुटले, पण काठी नाही. ती रोज दारात बसून विचारायची, "आलं का हो?" आणि मी म्हणायचो, "न्हाई." चैत्रात ऊन तापलं. नांदेडला पुन्हा नेलं तेव्हा डॉक्टरणीनं तिच्या डोळ्यावर बत्ती धरली आणि विचारलं, "आजी, उजेड दिसतो का?" ही म्हणली, "बत्ती लावली का तुमी?" डॉक्टरीण माझ्याकडं बघून थेंबांचं काहीच बोलली नाही.

वैशाखात झाड बुडापासून वाळलं. त्या संध्याकाळी तिनं नेहमीसारखं विचारलं, "आलं का?"

"न्हाई."

"आलं म्हणायचं की. मला काय दिसणार हाय?"

"मी खोटं बोलत न्हाई. तुला ठावं हाय."

"ठावं हाय," ती म्हणली. "तुमच्या खऱ्याचं मला काय करायचं हाय आता?"

त्यानंतर तिनं विचारलं नाही. उपरण्याच्या गाठीत थोडं बी अजून आहे. पोरगा म्हणतो, आबा, परत टाका. कुणासाठी टाकू?

पावसाळा लागल्यावर भिंतीच्या टोकाला, मी तोडलेल्या खुंटातून रुई खरंच फुटली. हिरवीगार आली. या वेळी मी कुऱ्हाड काढली नाही. शनिवारी सकाळी मीच तिचा हात धरून तिला तिथवर नेतो. मधल्या वाळक्या झाडापाशी ती जरा अंग चोरते. मग पानं तोडते, माळ ओवते. बोटांना पांढरा चीक लागतो आणि त्याच बोटांनी ती डोळे पुसते. मी शेजारी उभा असतो. पूर्वी मी ओरडायचो. आता नुसतं बघतो. राखायचं काही उरलेलं नाही.